लोकप्रियतेची खरी कसोटी : छत्रपति शाहू महाराज

सत्ता हाती नसताना लोकांच्या दुःखाविषयी बोलणे सोपे असते. सत्ता हाती आल्यावर त्याच दुःखाचा निकाल लावणे अतिशय कठीण असते. सभेत टाळ्या मिळविण्यास एक वाक्य पुरते. परंतु गावच्या चावडीपर्यंत त्या वाक्याचा अंमल पोहोचविण्यास कायदा लागतो, पैसा लागतो, कारकून लागतो, आणि त्या कारकुनावर नजर ठेवणारा कोणी लागतो. म्हणून जनतेच्या प्रेमावर उभा राहिलेला पुरुष राज्य कसे करतो, हा प्रश्न सर्व काळी आणि सर्व देशांत महत्त्वाचा ठरला आहे. प्राचीन रोममध्ये गायस ग्राकस याने गरिबांस स्वस्त धान्य देण्याचा कायदा केला, तो लोकांच्या खऱ्या भुकेसाठी होता. पण त्याच धान्याचा उपयोग पुढील बादशहांनी लोकांची तोंडे बंद ठेवण्यासाठी केला. देणगी तीच, हेतू मात्र पार पालटला.

अशा पुरुषास सत्ता मिळाली म्हणजे तीन मोह त्याच्यापुढे उभे राहतात. जुने सर्व अधिकारी आपले शत्रू आहेत असे समजून त्यांच्या जागी हुजऱ्यांची भरती करावी, हा पहिला. खजिना लोकांच्या करमणुकीवर आणि खैरातीवर रिता करावा, हा दुसरा. आणि प्रत्येक निर्णय आपल्याच मुठीत ठेवून आपल्यावाचून कोणाचेच काही चालणार नाही अशी व्यवस्था करावी, हा तिसरा. या तिन्ही मोहांशी ज्यांचा जन्मभर सामना झाला असे एक चरित्र आपल्याच शहरात घडले आहे. ज्यांच्या नावाची ही शाहूपुरी, त्या छत्रपति शाहू महाराजांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे या दृष्टीने ठेवीत आहो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की महाराज मते मागून गादीवर आले नव्हते. ते दत्तक होऊन आले. आक्षेप खरा आहे. परंतु गादी वारशाने मिळते, लोकप्रियता मिळत नाही. संस्थानिक पुष्कळ झाले. रयतेने ज्यांस आपला माणूस मानले असे थोडे. शिवाय वेदोक्ताचा वाद पेटल्यापासून महाराजांचे बळ मुख्यतः बहुजनसमाजाच्या पाठिंब्यावर होते, आणि त्या समाजाच्या तक्रारीचे ते स्वतःच मुखत्यार झाले होते. तेव्हा लोकांच्या गाऱ्हाण्यावर उभा राहिलेला पुरुष राज्य कसे करतो, हे पाहण्यास त्यांच्याइतके जवळचे उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब. करवीरचे चौथे शिवाजी महाराज 1883 च्या डिसेंबरात अहमदनगर येथे फार करुण अवस्थेत वारले, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांस दत्तक घेऊन त्यांचे नाव शाहू ठेविले. मुलगा दहा वर्षांचाही झाला नव्हता. राज्याचा कारभार रीजंट म्हणून आबासाहेबांकडे होता. पण 1886 साली तेही निवर्तले. आई आधीच गेली होती. राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिक्षण, 1891 साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह, आणि 2 एप्रिल 1894 रोजी राज्याधिकार, असा हा पूर्वरंग आहे. गादीवर बसले तेव्हा त्यांस वीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

राज्य हाती येताच महाराज संस्थानाच्या दौऱ्यावर निघाले. घाटमाथ्याची दुर्गम गावे, डोंगरकपारीच्या वाड्या, देशावरची कुणबाऊ खेडी त्यांनी पाहिली. त्यांस दिसले ते असे की रयतेची अडचण राजापर्यंत पोहोचण्यापूर्वी अनेक हातांतून जाते आणि वाटेत तिचा रंगच बदलतो. त्या हातांचा हिशेबही त्यांच्यापुढे होता. 1894 साली राज्याच्या सर्वसाधारण कारभारातील 71 जागांपैकी 60 आणि खाजगीकडील 52 जागांपैकी 45 जागा एका ब्राह्मण जातीकडे होत्या. यात कोणा एका माणसाचा दोष होता असे नाही. शिक्षण ज्यांच्याकडे, लेखणी त्यांच्याकडे. आणि लेखणी ज्यांच्याकडे, दप्तर त्यांच्याकडे, अशी ही पिढ्यांची साखळी होती. पण साखळी ती साखळीच; तीत अडकलेल्यास ती कोणी घडविली याच्याशी काय करावयाचे?

पहिला मोह येथेच उभा होता. एका फर्मानाने सर्व कचेऱ्या रित्या करता आल्या असत्या, आणि रयतेने जयजयकारही केला असता. महाराजांनी तसे केले नाही. चालते दप्तर बंद पाडल्यास आधी भरडला जातो तो गरीबच, हे त्यांस कळत होते. त्यांनी नवीन माणसे शोधली, पण योग्यता पाहून. भास्करराव जाधव हे विद्यापीठाच्या परीक्षांत चमकलेले गृहस्थ. त्यांस 1895 साली कारभारात घेतले. दिवाणगिरी रघुनाथराव सबनीस यांच्याकडे दिली आणि ती अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. सबनीस हे प्रभु, म्हणजे पुढारलेल्या जातींपैकीच. परंतु जातीकडे बोट दाखवून कर्त्या माणसास दूर करण्याचा अविचार महाराजांनी केला नाही. मक्तेदारी मोडणे निराळे आणि माणूस मोडणे निराळे, हा भेद सत्ता हाती आल्यावर फार थोड्यांस उमगतो.

शाहूपुरीचा जन्म याच पहिल्या वर्षांतला. 1891 साली मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत रेल्वे आली होती. रेल्वे आली म्हणजे व्यापार आलाच असे होत नाही. माल उतरविण्यास जागा, पेढी घालण्यास प्लॉट आणि व्यापाऱ्यास भरवसा हवा. महाराजांनी 1895 साली स्टेशनाच्या बाजूस ही नवी पेठ वसविली, व्यापाऱ्यांस सवलती देऊन आणले, आणि आसपासच्या उसाच्या मुलखातील गुळास येथे बाजार मिळाला. आज गुळाचे मोठे सौदे श्री शाहू मार्केट यार्डात होतात. पण कोल्हापुरी गुळाचे नाव मुंबई-गुजरातेपर्यंत गेले त्याचा पाया या गल्ल्यांत घातला गेला. पुढे जयसिंगपूरची पेठ, 1906 सालची शाहू मिल, 1912 च्या सुमाराचा सहकारी संस्थांचा कायदा, ही सर्व त्याच धोरणाची फळे होत. मिल अलीकडे बंद पडली, पेठा जगल्या. यात आमच्या व्यापारी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराजांनी व्यापाऱ्यास शत्रू म्हणून लोकांपुढे उभे केले नाही. 1896-97 च्या दुष्काळात धान्य महागले, तेव्हा व्यापाऱ्याविरुद्ध गर्दी चेतविणे सोपे होते. त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, बाहेरून धान्य आणविले, गुरांसाठी चाऱ्याची सोय केली, दुष्काळी कामे काढली, आणि त्या कामांवर येणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी सांभाळघरेही ठेविली. गर्दी पेटविल्याने धान्य पिकत नाही, आणि ते गावोगाव पोहोचतही नाही. हे काम बंदोबस्तानेच होते.

यानंतर वेदोक्ताचे प्रकरण आले. 1899 साली कार्तिकस्नानाच्या वेळी पंचगंगेच्या घाटावर असे उघडकीस आले की, महाराजांस शूद्र समजून पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहे. प्रश्न मंत्रांचा असला तरी त्यामागे माणसाच्या प्रतिष्ठेचा सवाल होता. आणि ज्याच्या खजिन्यातून पुरोहितास इनाम मिळते त्यासच हा अनुभव, तर खेड्यातील कुणब्याची आणि महाराची काय कथा, हा विचार महाराजांच्या मनात त्या दिवसापासून कायमचा रुतला. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत दोन तट पडले; लोकमान्य टिळकांसारखे थोर पुरुषही या वादात महाराजांच्या विरुद्ध बाजूस उभे राहिले.

अपमान झालेल्या राजाने त्याच रात्री इनाम खालसा केले असते तर त्यास कोण अडविणार होते? पण घडले ते निराळेच. राजोपाध्यांस आपले कर्तव्य करण्याविषयी सांगण्यात आले, वेळ दिला गेला, प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली, आणि 1902 साली इनाम काढून घेण्यात आले. राजोपाध्यांनी इंग्रज सरकारकडे वरपर्यंत दाद मागितली. ती फेटाळली गेली. या प्रकरणात राग नव्हता असे आम्ही म्हणत नाही, राग होताच. परंतु तो कागदावर, मुदतीने आणि अपिलाची वाट मोकळी ठेवून चालला. सत्तेचा राग जेव्हा नियमाच्या वाटेने चालतो तेव्हाच त्यास न्याय म्हणण्याची सोय राहते.

त्याच वर्षीचे दुसरे कृत्य याहून फार मोठे आहे. महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले होते. ते तेथे असतानाच 26 जुलै 1902 रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्यात. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व मागासलेले, अशी त्याची व्याख्या होती. हा हुकूम पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याची रचना फार थोड्यांनी पाहिली आहे. ज्या कचेरीत अशा वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे तेथे पुढील नेमणूक त्या वर्गातीलच व्हावी, असे त्यात होते. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस आपल्याकडील नेमणुकांचे पत्रक सरकारास सादर करावे, असेही होते.

आमच्या मते या हुकुमाचा प्राण त्या तिमाही पत्रकात आहे. पन्नास टक्के हा आकडा कोणीही सभेत सांगू शकेल. पण तीन महिन्यांनी पत्रक मागणारा, आणि त्यात शून्य दिसल्यास का म्हणून विचारणारा राज्यकर्ता विरळा. आपण पेठेतील लोक आहो. नुसत्या रोजकीर्दीने धंदा चालत नाही, खतावणीत बाकी ओढावी लागते, हे आपणांस सांगावयास नको. शिवाय हेही पाहावे की, कामावर असलेल्या कोणास काढून टाकण्याचे त्यात नव्हते; यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांचाच तो प्रश्न होता. पुढे 1950 साली स्वतंत्र भारताची राज्यघटना अमलात आली, तीत मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत जागा राखण्याचे तत्त्व आले. त्याची अठ्ठेचाळीस वर्षे आधीची तालीम आपल्या करवीरात झाली होती.

पण जागा राखून भागत नाही. त्या जागेवर बसण्याजोगा माणूस तयार करावा लागतो. 1896 साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयत्न झाला होता. अनुभव असा आला की ते लवकरच एकाच जातीचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन, पुढे मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. आणि 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. यावर त्या वेळी आणि नंतरही टीका झाली की, याने जातिभेद घट्टच होतो. टीकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. जातवार घर बांधून जात मोडत नाही. परंतु खेड्यातल्या पोरास शहरात पथारी टाकावयास जागाच नसेल तर तो शिकणार कोठून? महाराजांनी त्या त्या समाजास जागा दिली, उत्पन्न लावून दिले, आणि कारभार मात्र समाजाच्या पुढाऱ्यांच्या अंगावर टाकला. म्हणूनच देणारा हात गेल्यावरही यांतील कित्येक संस्था चालू राहिल्या.

प्राथमिक शिक्षणाची हकीकत तर खऱ्या राज्यकारभाराचा वस्तुपाठच आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून 1906 साली तो सर्व राज्यास लागू केला होता. शाहू महाराजांनी 1917 साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि दुसऱ्या वर्षापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. एक रुपया त्या काळी शेतकऱ्यास लहान नव्हता. ज्या रयतेच्या प्रेमावर राजा उभा, तिच्याच खिशास चिमटा घेणारा हा कायदा. नुसती लोकप्रियता टिकवावयाची असती तर शाळा काढून दंड टाळता आला असता. लोकांस आवडणारी गोष्ट करणारा आणि लोकांच्या हिताची गोष्ट करणारा, यांतील अंतर त्या एका रुपयाने मोजावे.

यापुढील तीन-चार वर्षे म्हणजे 1917 पासून 1920 पर्यंतचा काळ. महाराजांची प्रकृती ढासळत होती; 1918 साली धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. पण याच काळात कायद्यांचा ओघ सर्वांत मोठा आहे, जणू थोडा वेळ उरला आहे हे त्यांनी ओळखले होते. 1918 साली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्यात आले. गावचा हिशेब वंशपरंपरेने एका घरात राहण्याऐवजी सरकारास जबाबदार असलेल्या नोकराकडे आला. वतनदारांनी मोठी चळवळ केली, पण महाराज हटले नाहीत. त्याच वर्षी महार वतने खालसा करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे झाल्या; बलुतेदारीचे बंधन सुटले; आणि महार, मांग, रामोशी, बेरड यांस गुन्हेगार समजून रोज हजेरी देण्याची जी लाजिरवाणी सक्ती होती ती उठली. पाटलांस त्यांचे काम शिकविण्यासाठी महाराजांनी आधीच शाळा काढली होती. तलाठ्यांच्याही शिक्षणाची सोय केली. जुना अधिकारी काढणे सोपे, नवा शिकवून तयार करणे कठीण. ते कठीण काम त्यांनी टाळले नाही.

1919 सालच्या हुकुमांनी शाळा, दवाखाने, पाणवठे आणि सरकारी इमारती येथे अस्पृश्यता पाळण्यास बंदी झाली. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसविण्याचे ठरले. आणि अधिकाऱ्यांस बजावण्यात आले की, ज्यास हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा आणि पेन्शनची आशा ठेवू नये. त्याच वर्षी आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा आणि स्त्रियांस क्रूरपणे वागविणाऱ्यांविरुद्धचा, असे आणखी दोन कायदे झाले. 1920 साली वेठबिगार बंद झाली.

याच संदर्भात गंगाराम कांबळे यांचे नाव कोल्हापुरात आजही निघते. राजवाड्यात चाकरीस असलेल्या या अस्पृश्य गृहस्थांस पाण्याच्या हौदास शिवल्यावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य दिले. त्यांनी चहाचे दुकान काढले. गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींसही तो घ्यावा लागला. ही गोष्ट सर्वांस आवडते, आणि आवडावी. परंतु ती सांगताना 1919 चा हुकूम विसरला जातो, ही आमची तक्रार आहे. चहाचा पेला एका दुकानाचे दैव फिरवील. पाणवठ्याचा हुकूम हजार गावांस लागू पडतो. उलट नुसत्या हुकुमानेही काम भागत नाही, कारण राजाच बाटण्यास भितो असे दिसले तर पाटील तो हुकूम पेटीत ठेवील. महाराजांजवळ दोन्ही होते. आजच्या पुढाऱ्यांत पहिल्याची नक्कल पुष्कळ दिसते. गरिबाच्या घरचे जेवण होते, छायाचित्रही निघते. मात्र त्याच्या मागोमाग हुकूम कोणता निघाला, हे विचारावयाचे राहून जाते.

दुसऱ्या मोहाविषयी थोडक्यात लिहितो. महाराज रसिक होते, मल्लविद्येचे मोठे भोक्ते होते. 1912 साली खासबागेचे कुस्त्यांचे मैदान झाले, 1915 च्या सुमारास पॅलेस थिएटर उभे राहिले. यांस कोणी रोमन बादशहांच्या खेळांची उपमा देईल. पण महाराजांनी केवळ खेळांवरच पैसा घातला नाही. येथे 1909 साली भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणास सुरुवात झाली होती. पैशाच्या अडचणीमुळे ते 1918 साली अर्धवट थांबले आणि स्वातंत्र्यानंतरच पुरे झाले. हे धरण आपल्या हयातीत पुरे होणार नाही, म्हणजेच त्याच्या पाण्याची वाहवा आपल्या वाट्यास येणार नाही, हे दिसत असताही जो त्यात पैसा घालतो, तो केवळ टाळ्यांचा भुकेला असणे शक्य नाही.

आता तिसरा मोह. येथे मात्र आम्हांस महाराजांच्या कारकीर्दीची बाकी पुरी फिटलेली दिसत नाही, आणि ते सांगितल्यावाचून हे चरित्र स्तुतिपाठकांचे होईल. महाराज सोनतळीच्या छावणीत बसून कोणाही रयतेचे गाऱ्हाणे ऐकत, तेथल्या तेथे निकाल देत. रयतेस ते वरदान होते. पण जेथे राजाच दाद, राजाच न्याय, तेथे राजाची भेट न मिळणाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच. ज्या जनतेसाठी एवढे कायदे झाले ती कायदे करण्यास बसेल असे मंडळ त्यांनी निर्माण केले नाही. त्यांच्यावर इंग्रज सत्तेचे दडपण होते, शिक्षण पसरण्यापूर्वी मंडळ काढल्यास ते पुन्हा मूठभर शिकलेल्यांचेच होईल ही त्यांची भीतीही निराधार नव्हती. तथापि लहानशा औंध संस्थानात 1939 साली रयतेच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग झाला, आणि त्याच वर्षी कोल्हापुरात जबाबदार राज्यपद्धतीसाठी माधवराव बागल प्रभृतींस प्रजापरिषद काढून झगडावे लागले, हेही इतिहासास नमूद आहे. तसेच 1920 साली महाराजांनी क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण केले. एका धर्मगुरूची सत्ता झुगारण्यासाठी दुसरा नेमावा काय, अशी शंका त्यांच्याच बाजूच्या सत्यशोधक मंडळींनी काढली, ती आम्हांस रास्त वाटते.

परंतु याच 1920 सालची एक गोष्ट या बाकीतील मोठा भाग फेडून टाकते. मार्चच्या 21 व 22 तारखांस कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण बॅरिस्टर होऊ पाहणारे डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांच्या मूकनायक पत्रास महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. माणगावास येऊन महाराजांनी जमलेल्या लोकांस सांगितले की, तुम्हांस तुमचा पुढारी तुमच्यांतूनच मिळाला आहे. लोकांच्या प्रेमावर जगणाऱ्या पुरुषास सर्वांत कठीण वाटते ते हेच. मी गेल्यावर तुम्हांस कोणी नाही, असे सांगणारे पुष्कळ झाले आहेत. माझ्यावाचून तुमचे चालेल, आणि हा पाहा तुमचा माणूस, असे सांगणारा राजा माणगावच्या लोकांनी पाहिला.

6 मे 1922 रोजी मुंबई येथे महाराजांचा अंत झाला. वय अठ्ठेचाळीस वर्षेही पुरे नव्हते. राजाराम महाराज गादीवर आले. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि गादीची सत्ता संपली. राज्य गेले, पण निम्म्या जागांचे तत्त्व राहिले, वसतिगृहे राहिली, धरण राहिले, पेठ राहिली. शहरातील पहिले शाहू-स्मारक 1925 साली सरकारने किंवा सरदारांनी नव्हे, तर गंगाराम कांबळे यांनी नर्सरी बागेत उभे केले, हे विसरू नये. आज 26 जून हा दिवस महाराष्ट्रात सामाजिक न्यायदिन म्हणून पाळला जातो. मिरवणुका निघतात, पुतळ्यांस हार पडतात.

हार घालणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. महाराजांचे नाव घेऊन मत मागावयास जो कोणी आपल्या गल्लीत येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्यास आपण तीन प्रश्न विचारावे. तुमचे वचन अमलात आणणारा अधिकारी कोण, आणि तो तुमचा हुजऱ्या आहे की आपल्या कामात तरबेज आहे? त्या वचनाचा खर्च कोणत्या उत्पन्नातून होणार, आणि लोकांस न रुचणारा असा कोणता रुपया तुम्ही मागणार? आणि दर तिमाहीस त्याचे पत्रक आम्हांस कोठे पाहावयास मिळेल? उधारीवर माल देताना आपण आसामीची पत पाहतो, मागील खाते चाळतो, मुदत लिहून घेतो. मत म्हणजे पाच वर्षांची उधारी होय. ती देताना आपण आपला धंद्यातला शहाणपणा घरी ठेवून जातो, आणि मग बुडीत खात्याबद्दल नशिबास बोल लावतो. ज्यांनी आपणांस ही पेठ दिली त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग हाराहून स्वस्त आहे. हिशेब मागण्यास दमडीचाही खर्च नाही.